मोठ्या डिझेल एसयूव्हीचं अ‍ॅव्हरेज पडलंय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

"साहेब, एवढी मोठी गाडी म्हटल्यावर पिणारच." अ‍ॅव्हरेजची तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या मालकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. मग एक तर तो गप्प बसतो, नाहीतर एअर फिल्टर, सेन्सर, इंजेक्टर असं एकेक बदलत लाखभर रुपये घालवतो. सव्वादोन टनांची गाडी हॅचबॅकचं अ‍ॅव्हरेज देणार नाही, हे कबूल. पण तीच गाडी गेल्या वर्षी शहरात ८ देत होती आणि आता ६ देत असेल, तर ते डिझेल कुठेतरी जातंय. कुठे जातंय ते मोजून काढता येतं. माझा सगळा आग्रह या मोजण्यावरच आहे, कारण या गाड्यांतले अ‍ॅव्हरेज खाणारे बरेच दोष डॅशबोर्डवर दिवाच लावत नाहीत.

पुढचं सगळं मुख्यतः तीन लिटर, सहा सिलिंडर डिझेल एसयूव्हींना धरून लिहिलं आहे: बीएमडब्ल्यू एक्स५, ऑडी क्यू७, मर्सिडीझची एमएल किंवा जीएलई, रेंज रोव्हर स्पोर्ट. पुण्या-मुंबईत सेकंडहँड बाजारात याच गाड्या जास्त फिरतात, आणि वॉरंटी संपल्यावर प्रश्न सुरू होतात ते यांचेच. पेट्रोलवाल्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

पहिली पायरी: खरा आकडा काढा

स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज विसरा. गाडीचा संगणक इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून डिझेलचा अंदाज बांधतो, आणि तो बहुतेक वेळा गाडीच्या बाजूने झुकलेला असतो. शिवाय इंजेक्टरच गळत असेल, तर ते गळणारं डिझेल त्या हिशेबात येतच नाही.

टाकी फुल ते टाकी फुल ही जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची. एकच पंप ठरवा, शक्यतो तीच मशीन. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. पंपावरचा मुलगा "राउंड फिगर करू का" म्हणेल, त्याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा आणि टाकी निम्म्याच्या खाली गेल्याशिवाय पुन्हा भरू नका. याचं कारण साधं आहे. ऑटो कट दर वेळी अगदी त्याच पातळीला होत नाही, एखाद्या लिटरचा फरक पडतोच. ६० लिटर भरताना एक लिटर म्हणजे दीड-पावणेदोन टक्के. पण दोन हजाराचं डिझेल टाकून हिशेब केलात, तर तोच एक लिटर तुमचा आकडा चार-पाच टक्क्यांनी फिरवतो. अशा किमान तीन टाक्यांची सरासरी घ्या.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल, तर प्रत्येक पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. ते मागून आपल्यासमोर भरून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पंपवाल्याचा अपमान होईल म्हणून संकोच करू नका. चांगले पंपवाले आनंदाने दाखवतात.

ओडोमीटरही तपासा, विशेषतः टायरचा साइज बदलला असेल तर. २५५/५५ आर१८ च्या जागी कुणी रुबाबदार दिसतात म्हणून २६५/६० आर१८ चढवले, की चाकाचा घेर सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. गाडी १०५ किलोमीटर धावते तेव्हा मीटरवर १०० दिसतात. अ‍ॅव्हरेज जितकं पडलं असं वाटतं, त्यातला एक भाग असा नुसता कागदावरचा असतो. हायवेवर ५० किलोमीटर मोबाइलचं जीपीएस लावून मीटरशी ताडून बघा, लगेच कळेल.

आता अपेक्षा काय ठेवायची? कंपनी जाहिरातीत सांगते तो आकडा 'एआरएआय' या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा. पुण्यातल्या टेकडीवरच्या त्या संस्थेसारख्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांच्या चक्रात चालवून तो निघतो, आणि त्या चक्रात कमाल वेग ९० चा असतो. त्याच्याशी सिंहगड रोडच्या संध्याकाळची तुलना करू नका. निरोगी तीन लिटर डिझेलने शहरात ७ ते ९ आणि हायवेला ९०-१०० च्या स्थिर वेगात १२ ते १४ द्यावेत, हा माझा ठोकताळा. हायवेलाही १० च्या खाली असेल, तर गाडीत दोष आहे असं धरून पुढे चला. हायवेला १३ आणि शहरात ६ असेल, तर आधी पुढची पायरी नीट वाचा.

एक गोष्ट पुणे-मुंबई करणाऱ्यांसाठी. मुंबईहून पुण्याला येताना आणि परत जाताना अ‍ॅव्हरेज वेगळं येतं म्हणून लोक गोंधळतात. २२०० किलोची गाडी समुद्रसपाटीवरून लोणावळ्याच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर चढवायला, इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर जवळपास एक लिटर डिझेल नुसतं चढायलाच लागतं. तेव्हा हिशेब नेहमी जाऊन-येऊन करा.

दुसरी पायरी: गाडी चालते कशी ते बघा

ट्रिप कॉम्प्युटरमध्ये अ‍ॅव्हरेजच्या शेजारी सरासरी वेग दाखवलेला असतो, तिकडे कुणी बघत नाही. मला विचाराल तर तो आकडा जास्त बोलका. एसी चालू ठेवून उभं असलेलं तीन लिटर डिझेल इंजिन तासाला साधारण एक लिटर पितं. समजा बाणेरहून कोरेगाव पार्कला १० किलोमीटर जायला ५० मिनिटं लागली आणि त्यातली २० मिनिटं गाडी सिग्नलला उभी होती. चालताना १२ चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर ०.८३ लिटर चालायला आणि ०.३३ लिटर नुसतं उभं राहायला. झालं, १२ चे साडेआठ झाले. त्यात सकाळचं थंड इंजिन, वारंवार सुटणं-थांबणं धरा, की सात. सरासरी वेग १५ च्या आसपास असेल आणि अ‍ॅव्हरेज ७ असेल, तर गाडी बिघडलेली नाही, रस्ता तसा आहे. सरासरी वेग ३० असून ७ मिळत असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा.

ड्रायव्हर ठेवलेल्या गाड्यांत आणखी एक खर्च लपलेला असतो. साहेब मीटिंगमध्ये, गाडी बीकेसीच्या रस्त्यावर एसी लावून उभी. दिवसाला दोन तास असं झालं, की महिन्याला ५० लिटर डिझेल एक किलोमीटरही न चालता जळतं. यात ड्रायव्हरचा दोष नाही. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत माणूस बसेल कसा? त्याला बसायला सावलीची जागा, इमारतीत पंख्याखाली खुर्ची मिळवून द्या. आणि टाकीचा हिशेब वहीत लिहायला लागा. डिझेल कमी भरतं म्हणून ड्रायव्हरवर जो संशय घेतला जातो, तोही त्या वहीमुळे निघून जातो. एक माणूस विनाकारण बदनाम होण्यापेक्षा वही स्वस्त.

वेगाचं गणित थोडक्यात: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० ला गेलात की तो ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि एसयूव्हीचं तोंड रुंद. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे म्हणून नागपूरपर्यंत १२० ने गेलेल्याने नेहमीच्या १३ ची अपेक्षा ठेवू नये. टपावर कॅरियर किंवा बॉक्स असेल, तर फिरून आल्यावर उतरवून ठेवा.

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय असेल, तर ती आजच सोडा. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधन पूर्ण बंद करतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलपुरतं जाळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलमधल्या अवजड गाड्यांनी काय केलंय ते पुणेकरांना सांगायला नको.

तिसरी पायरी: चाकं मोकळी फिरतात का

टायरमधली हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजा. किती भरायची ते पंक्चरवाल्याला विचारू नका. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर जो स्टिकर असतो त्यावर, भार किती आणि साइज कोणता यानुसार, आकडे दिलेले आहेत. पुढचे आणि मागचे वेगळे असू शकतात. स्टिकरवर बारमध्ये असेल, तर १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या) टायरची बाजू कडक असते, हवा कमी झाली तरी नजरेला दिसत नाही, म्हणून गेज लागतोच. चारही चाकांत पीएसआयमागे अ‍ॅव्हरेजमध्ये पडणारा फरक लहान, साधारण ०.२ टक्के, पण दहा पीएसआय कमी असलेल्या गाड्याही येतात. टायर झिजतो ते वेगळं.

हात टायरच्या खाचांवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचलं, तर टो, म्हणजे चाकांचं तोंड आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडलेला आहे. अलाइनमेंट करून घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि सारख्या झिजेचे हवेत. पुढे नवे, मागे जुने असं केलं की पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या खोक्यातला) क्लच सतत घासत राहतो. तिथे अ‍ॅव्हरेज जातंच, पुढे ट्रान्सफर केसही जाते.

आता ब्रेक. आपल्याकडे हा फार मोठा गुन्हेगार आहे, आणि पावसाळ्यानंतर तर हमखास. कोकणातल्या लाल चिखलातून आलेली, मग पंधरा दिवस सोसायटीत उभी राहिलेली गाडी घ्या. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिन गंजतात, पॅड डिस्कला चिकटून राहतो. गाडी ओढत नाही असंही जाणवत नाही, कारण साठ-साठ किलोग्रॅम-मीटरच्या टॉर्कपुढे तेवढा विरोध कळतच नाही. हॅचबॅक असती तर ड्रायव्हरला लगेच समजलं असतं.

तपासायला हजार-दीड हजाराची इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक पुरते. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर चालवा. शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता वेग आपोआप कमी होऊ द्या. उतरून लगेच चारही डिस्कचं तापमान स्पोकमधून घ्या. पुढच्या डिस्क मागच्यांपेक्षा गरम असणं स्वाभाविक; बघायचं ते डाव्या-उजव्यातलं अंतर. एकाच एक्सलवर एक ६० अंश आणि दुसरी ११०, तर ११० वाली घासतेय. पिन काढून, साफ करून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावून काम भागतं. पिस्टन अडकला असेल तर कॅलिपरचं किट. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल, तर पॅड बदलताना तो स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. पिस्टन हाताने दाबून मागे ढकलणाऱ्या मेकॅनिककडे गाडी देऊ नका. एअर सस्पेन्शनची गाडी जॅकवर घेतानाही जॅक मोड आधी लावायचा असतो.

चौथी पायरी: इंजिन तापतंय का? नाही, तापतच नसेल

इंजिन जास्त गरम झालं की सगळे धावतात. ते पुरेसं गरम होत नाही याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते वयस्कर डिझेल एसयूव्हीत अ‍ॅव्हरेज पडण्याचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. थर्मोस्टॅट उघडा अडकला की कुलंट कायम रेडिएटरमधून फिरत राहतं. इंजिन ९० अंशांऐवजी ७०-७५ वर चालतं. ऑइल जाड राहतं, ज्वलन नीट होत नाही, आणि पुढच्या पायरीत येणारी डीपीएफची (काजळी अडवणाऱ्या गाळणीची) सफाई अर्धवट राहते किंवा सुरूच होत नाही.

डॅशबोर्डवरून हे समजत नाही. काही गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. ज्यांत आहे, त्यांतल्या अनेकांत खरं तापमान ७५ असो की १०५, काटा मधोमध ९० वरच उभा दिसेल अशी रचना असते, ग्राहक घाबरू नये म्हणून. खरा आकडा ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे स्कॅनर जोडायच्या खाचेतूनच मिळतो. स्टिअरिंगच्या खाली, डाव्या-उजव्या गुडघ्याजवळ ते सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये 'कुलंट टेम्परेचर' बघा. कुलंट पुरेसं तापत नाही असं सांगणारा कोड पी०१२८ आला असेल तर प्रश्नच मिटला, पण पुष्कळदा कोड येत नाही.

एका ओळखीच्या गाडीचं उदाहरण सांगतो. साताऱ्याकडून येताना स्कॅनर लावून ठेवला होता. खंबाटकीच्या चढावर कुलंट ८५ पर्यंत गेलं. पुढे सपाटीवर शंभरच्या वेगाला ७४. कात्रजचा बोगदा संपून उतार लागला आणि आकडा डोळ्यांदेखत उतरत गेला: ७१, ६९, ६७. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर पुन्हा चढायला लागला. उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटची खूण नेमकी हीच: भार पडला किंवा गाडी थांबली की तापमान चढतं, वारा लागला की पडतं. चांगला थर्मोस्टॅट सपाटी, उतार, ट्रॅफिक काहीही असलं तरी दोन-चार अंशांपलीकडे हलू देत नाही. या गाडीचे एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, हवेचा सेन्सर असं सगळं आधी बदलून झालं होतं. तापमान मात्र कुणीच वाचलं नव्हतं.

थर्मोस्टॅट बदलताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही डिझेल इंजिनांत ईजीआर कूलरचा (इंजिनात परत सोडायचा जळका वायू थंड करणाऱ्या भागाचा) वेगळा थर्मोस्टॅट असतो. मुख्य बदलूनही तापमान ८० च्या वर जात नसेल, तर दुसराही उघडा असू शकतो. आणि कुलंट कंपनीने सांगितलेलंच, पाणी मिसळायचं ते शुद्ध केलेलं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू देऊ नका.

पाचवी पायरी: डीपीएफ

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी गाळणी. ती भरली की इंजिन जादा डिझेल सोडून धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. ते सुरू असताना १०-१५ मिनिटं अ‍ॅव्हरेज पडणारच. काहीशे किलोमीटरला एकदा होत असेल, तर एकूण हिशेबात तो खर्च फारसा जाणवत नाही. दर शंभर किलोमीटरला होत असेल, तर डिझेलचा मोठा वाटा त्यातच जातोय.

ओळखायचं कसं? आयडल नेहमीपेक्षा थोडा वर, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही, क्षणाचं अ‍ॅव्हरेज अचानक निम्मं, आणि गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो, जळका उग्र वास येतो. अशा वेळी घराखाली पोहोचला असलात तरी शक्य असेल तर आणखी पंधरा मिनिटं गाडी फिरवा. अर्धवट सुटलेली सफाई दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तेवढं डिझेल पुन्हा जातं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर आनंद मानू नका. ते ऑइल पातळ झालेलं आहे, ताबडतोब बदला.

त्या त्या कंपनीचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर असलेल्या गॅरेजमधून हे आकडे लिहून मागा: शेवटच्या सफाईनंतर किती किलोमीटर झाले, आतापर्यंतची सरासरी किती, काजळी किती ग्रॅम, राख किती, आणि गरम इंजिनाला आयडलवर फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक किती. काजळी जळते, राख जळत नाही. काजळी जास्त असेल, तर कारण शोधा: थंड इंजिन, हवेची गळती, खराब इंजेक्टर, की नुसतं पाच-पाच किलोमीटरचं चालवणं. राख भरली असेल, तर फिल्टर काढून मशीनवर धुऊन घ्यावा लागतो. नव्या फिल्टरच्या किमतीपुढे ते बरंच स्वस्त पडतं. राख येते मुख्यतः ऑइलमधून, म्हणून कमी राखेचं, कंपनीच्या मंजुरीचं ऑइलच हवं: बीएमडब्ल्यूला एलएल-०४, ऑडीला ५०७.००, मर्सिडीझला २२९.५१ किंवा २२९.५२. डब्यावर "फुल्ली सिंथेटिक" लिहिलंय एवढ्यावर भागत नाही.

आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला, गिअर एक खाली ठेवून, २००० आरपीएमच्या वर चालवली की शहरातली बरीच वाहनं याच एका सवयीवर सुधारतात.

आणि हे स्पष्टच लिहितो. "डीपीएफ रिकामा करून रिमॅप मारू, अ‍ॅव्हरेज वाढेल" असं सांगणारे, म्हणजे गाळणी काढून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून देणारे, प्रत्येक शहरात आहेत. ते करू नका. ते मोटार वाहन कायद्यात बसत नाही, गाडी विकताना अडचण येते, आणि मूळ दोष, म्हणजे थंड इंजिन किंवा गळका इंजेक्टर, तसाच राहतो. त्याहून महत्त्वाचं, ती काजळी सिग्नलला शेजारी स्कूटरवर बसलेल्या शाळेच्या पोराच्या छातीत जाते. आपल्या टाकीतले चार लिटर वाचवायला ही किंमत देणं मला मान्य नाही.

सहावी पायरी: हवा आणि इंजेक्टर

एअर फिल्टरबद्दलचा गैरसमज आधी काढतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत दिसलं, की संगणकाने इंधन नियंत्रित होणाऱ्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप कमी होतो, अ‍ॅव्हरेजवर जवळजवळ परिणाम होत नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण अ‍ॅव्हरेजचं औषध म्हणून नको.

टर्बोनंतरची गळती मात्र खरी मारक. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचे) रबरी होज वयाने चिरतात, क्लॅम्प सैल होतात. जोडावर ओलसर काळं तेल, जोर दिल्यावर शिट्टी किंवा फुसकारा, मागे काळा धूर, कधी पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) कोड. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या: नळ्यांमध्ये धूर भरला की तो जिथून बाहेर येतो तिथे गळती. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर त्याच्याच स्प्रेने साफ करा. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा कापूस लावलात तर संपला.

इंजेक्टरवर मी मुद्दाम इतक्या उशिरा येतोय. गॅरेजमध्ये त्यांचं नाव सर्वांत आधी निघतं, आणि खर्च त्यांचाच सर्वांत मोठा. संशय असेल तर आधी स्कॅनरवर आयडलचे करेक्शन आकडे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते, बघा. सहाही सिलिंडर शून्याच्या आसपास असावेत. एखादाच एकीकडे पळाला असेल, तर त्याच्याकडे बोट. मग लीक-ऑफ टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावायची, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्या शेजारी-शेजारी धरायच्या. पाच बाटल्या सारख्या आणि सहावीत दुप्पट, तर तोच एक. सहाही बदलायची गरज नाही. नवा किंवा दुरुस्त केलेला बसवल्यावर त्याच्यावर छापलेला कोड इंजिनाच्या संगणकात भरलाच पाहिजे. डिझेलमध्ये ओतायच्या क्लीनरच्या बाटलीने गळणारा इंजेक्टर सुधारत नाही.

गिअरबॉक्सवर फार वेळ घालवू नका. सपाट रस्त्यावर सर्वांत वरच्या गिअरमध्ये ९० ला स्थिर धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबा-सोडा. आरपीएम वेगाशी बांधलेला राहिला तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) नीट लॉक होतोय. नुसता आरपीएम वर-खाली पळत असेल, तर गिअर ऑइल आणि फिल्टरकडे बघा. "लाइफटाइम ऑइल" यावर विसंबू नका. झेडएफ या कंपनीचे आठ गिअरवाले बॉक्स यांतल्या अनेक गाड्यांत आहेत, आणि झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते.

पेट्रोल गाडी असेल तर

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक ठरलेल्या मापात पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते, बघा. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या मागे-पुढे पाच टक्क्यांत असेल तर ठीक. अधिक दहाच्या वर असेल, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. उणे दहाच्या खाली असेल, तर पेट्रोल जास्त जातंय. थर्मोस्टॅट, ब्रेक, टायर हे सगळं डिझेलसारखंच. आणि ई-२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) वाटाही लक्षात घ्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. म्हणजे आधी ९ देणारी गाडी साडेआठच्या खाली आली, तर तेवढा फरक पंपावरून आलेला असू शकतो. ९ ची ६ झाली, तर तो दोष इथेनॉलवर ढकलू नका.

गॅरेजला काय सांगायचं

जॉबकार्डवर "अ‍ॅव्हरेज कमी" एवढंच लिहिलं, की सर्व्हिसिंग करून, गाडी धुऊन परत मिळते. त्याऐवजी असं लिहून द्या: "तीन टाक्यांची सरासरी शहरात अमुक, हायवेला अमुक, सरासरी वेग अमुक. हायवेला कुलंट ७२ अंश. मागची डावी डिस्क उजवीपेक्षा ५० अंशांनी गरम. सफाईची सरासरी १२० किलोमीटर. कारण शोधून फोन करावा, परवानगीशिवाय पार्ट बदलू नये." असा कागद हातात पडला की चांगला फोरमन खूश होतो, त्याचं अर्धं काम झालेलं असतं. एका वेळी एकच दुरुस्ती करून घ्या, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. काढलेला पार्ट परत मागा, दुरुस्तीनंतरचे तेच आकडे छापून घ्या, आणि घरी येताना त्याच पंपावर, त्याच मशीनवर टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य करा.